सराव, मनोधैर्य आणि मैदान

पेनल्टी मारताना सराव श्रेष्ठ की मनाची स्थिरता, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. १९९६ साली इंग्लंडच्या गॅरेथ साउथगेटचा फटका जर्मन गोलरक्षकाने अडविला. २०१८ साली तोच प्रशिक्षक असताना खेळाडूंनी मध्यवर्तुळापासून चालत जाण्याचाही सराव केला आणि कोलंबियाला पेनल्टींवर ४-३ असे हरविले. २०२१ साली इटलीकडून मात्र पराभव झाला. सराव विजयाची हमी देत नाही. भीतीचा भार तेवढा हलका करतो. मनोधैर्य सरावातूनच घडते आणि सरावासाठी मैदान, चेंडू व फुरसत लागते. मानवतच्या कापूस बाजारात राबणाऱ्या हमालाच्या मुलीला ही तिन्ही मिळेपर्यंत तिच्या मनोधैर्याची परीक्षा घेण्याचा अधिकार कोणालाही नाही.