बरणीतले दाणे

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



२०२५च्या जूनमधली गोष्ट. बकरी ईदसाठी माझी लेक मुंबईहून घरी आली होती. बरोबर तिची सहा वर्षांची मुलगी. ईद झाली, पाहुणे पांगले आणि शाळा उघडायला अजून काही दिवस बाकी होते. पावसानं जरा उघडीप दिली तसा मी नातीला घेऊन किनाऱ्यावर गेलो. पावसाळ्यात आमच्या किनाऱ्याचं रूप काही बघण्यासारखं नसतं. वर्षभर पोटात साठलेलं सगळं समुद्र बाहेर टाकतो. लाकडं, झावळ्या, जाळ्यांचे तुकडे, चपला, बाटल्या. पोरीचं त्याकडे लक्ष नव्हतं. ती भरतीच्या रेषेवर उकिडवी बसून काहीतरी वेचत होती. थोड्या वेळानं माझ्यापुढे मूठ उघडून म्हणाली, "नाना, ही बघा गाबोळी!"

गाबोळी म्हणजे माशाची अंडी. नानीच्या हातची तळलेली गाबोळी तिला फार आवडते. मी पाहिलं तर तिच्या तळहातावर साबुदाण्याएवढे पांढरे मणी होते. काही स्वच्छ, काही पिवळे पडलेले. मी ते लगेच ओळखलं. माझा मावसभाऊ मुंबईला प्लास्टिकच्या कारखान्यात कामाला होता. तिथे या मण्यांना 'दाणा' म्हणतात. पंचवीस पंचवीस किलोच्या गोण्यांतून हा दाणा येतो, तो वितळवून साच्यात घालतात आणि त्यातून बादली, झाकण, नळी, खुर्ची असं काहीही तयार होतं. म्हणजे आपण वापरतो त्या बहुतेक प्लास्टिकच्या वस्तूंचा जन्म या दाण्यातून झालेला असतो. माझ्या नातीच्या हातात होता तो वस्तू होण्याआधीच समुद्रात सांडलेला दाणा.

हा दाणा येतो कुठून? गोण्या फाटतात, गोदीत सांडतात, जहाजावरून कंटेनर पडतात. २५ मे २०२५ रोजी 'एमएससी एल्सा ३' हे मालवाहू जहाज कोचीजवळच्या समुद्रात बुडालं. त्यावर ६४० कंटेनर होते. थोड्याच दिवसांत केरळच्या किनाऱ्यांवर असाच दाणा पसरला आणि पुढे तो तमिळनाडूच्या किनाऱ्यापर्यंत पोचला. त्याआधी २०२१मध्ये कोलंबोजवळ 'एक्स-प्रेस पर्ल' या जहाजाला आग लागली, तेव्हा सुमारे १,६८० टन दाणा श्रीलंकेच्या किनाऱ्यावर आणि समुद्रात गेला. आमच्या किनाऱ्यावरचा दाणा एल्साचा नसावा, कारण पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो. पण जहाज बुडालंच पाहिजे असंही नाही. गोव्याच्या किनाऱ्यांवर सापडणाऱ्या अशाच दाण्यांचा अभ्यास शास्त्रज्ञांनी २०१६ साली प्रसिद्ध केला. त्यात पांढरे दाणे सर्वांत जास्त होते आणि पावसाळी वारे व प्रवाह ते किनाऱ्याला आणून लावतात, असं त्यांना दिसून आलं. एरवीसुद्धा थोडा थोडा दाणा समुद्रात सांडतच असतो.

श्रोतेहो, अशा बारीक प्लास्टिकला शास्त्रज्ञ 'मायक्रोप्लास्टिक' म्हणतात. पाच मिलिमीटरपेक्षा लहान कण ते मायक्रोप्लास्टिक. २००४ साली इंग्लंडमधल्या प्लायमाउथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्प्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किनाऱ्यावरची वाळू तपासून एक निबंध लिहिला आणि तेव्हापासून हा शब्द रुळला. एवढं प्लास्टिक समुद्रात जातं, मग ते दिसत का नाही, असा त्यांचा प्रश्न होता. उत्तर साधं होतं. ते तिथेच असतं, फक्त बारीक होऊन वाळूत मिसळलेलं असतं.

मुळातच बारीक असलेले कण वेगळे आणि मोठ्याचे बारीक झालेले वेगळे. दाणा हा पहिल्या प्रकारातला. चेहरा धुण्याच्या मलमात घालायचे इवले इवले गोल मणीही त्यातलेच. अमेरिका आणि कॅनडा यांच्यामध्ये गोड्या पाण्याची पाच अवाढव्य सरोवरं आहेत. २०१२ साली शास्त्रज्ञांनी तिथलं पाणी बारीक जाळ्यांतून गाळलं, तेव्हा त्यात हे मणी मिळाले. लोकांनी सकाळी तोंड धुतलं, मणी मोरीतून गटारात गेले, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेतून निसटले आणि सरोवरात पोचले. अमेरिकेनं २०१५च्या अखेरीस कायदा करून असे मणी घालायला बंदी केली.

दुसरा प्रकार मोठ्या वस्तू झिजून होतो. आपले टेरिलीनचे, पॉलिएस्टरचे कपडे धुताना त्यांचे सूक्ष्म तंतू सुटतात. सहा किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून जास्त तंतू सुटू शकतात, असं प्लायमाउथच्याच संशोधकांनी २०१६ साली मोजून दाखवलं. गाड्यांची टायरं झिजतात, नायलॉनची जाळी झिजतात. पण मी सांगणार आहे पिशवीबद्दल. कारण पिशवीच्या गुन्ह्यात मी स्वतः सामील आहे.

मी कविता लिहितो हे आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. पण कवितेवर घर चालत नाही. बीए झालो आणि वडिलांच्या किराणा दुकानात बसलो. खाडीकाठचं गाव, छोटं दुकान. वडिलांच्या वेळी साखर, डाळ सगळं कागदाच्या पुडीत बांधलं जाई. वर टांगलेल्या रिळातून दोरा ओढायचा, पुडीला दोन वेढे मारायचे आणि एका झटक्यात तोडायचा. कोळणी मासळी सागाच्या पानात बांधून देत. घरात वजूसाठी तांब्याचा बधना होता, तो माझ्या आजोबांच्याही आधीपासूनचा. मग हळूहळू सगळं बदललं. बधना प्लास्टिकचा झाला. मशिदीतल्या चटया प्लास्टिकच्या आल्या. शेजारच्या घरी गणपतीचं मखर थर्माकोलचं झालं, आमच्या इफ्तारचे पेले प्लास्टिकचे झाले. आणि माझ्या दुकानात निळ्या पट्ट्यांच्या पातळ पिशव्या आल्या. पुडी बांधायचा वेळ वाचला. मला तर बरंच वाटलं. त्या वेळात दोन ओळी सुचायच्या.

२६ जुलै २००५ला मुंबई बुडाली आणि तुंबलेल्या गटारांतल्या पिशव्यांची चर्चा सुरू झाली. मी ती वर्तमानपत्रात वाचली आणि त्याच दिवशी शंभर पिशव्या वाटल्या असतील. २०१८ साली राज्य सरकारनं प्लास्टिकबंदी आणली. २३ मार्चला अधिसूचना निघाली, २३ जूनपासून दंड सुरू होणार होता. माझ्याकडे एक गोणभर पिशव्या शिल्लक होत्या. आधी मी त्या गल्ल्याखालच्या खणात लपवल्या आणि ओळखीच्या गिऱ्हाइकांना देत राहिलो. मग भीती वाटायला लागली, तेव्हा एका रात्री दुकानामागे खड्डा खणून गोण पुरली. पुरलं म्हणजे संपलं, असं वाटलं.

पुढच्याच पावसाळ्यात दुकानामागचा पऱ्या फुगला आणि त्यानं तो खड्डा उकरून काढला. ओहोटीला खाडीवर गेलो तर कांदळवनाच्या मुळांना, फांद्यांना माझ्या निळ्या पट्ट्यांच्या पिशव्या लटकलेल्या. कुणी बघितलं तर, म्हणून मी खाली मान घालून परत आलो. काढायला हवं होतं, नाही काढल्या. मग दर वर्षी मी त्या बघत राहिलो. आधी उन्हानं निळा रंग उडाला. मग पिशव्या कडक झाल्या. मग चिंध्या, मग चिंध्यांचे तुकडे. तीन-चार वर्षांनी एक दिवस तिथे काहीच नव्हतं. मी सुटकेचा श्वास सोडला. गेल्या एकदाच्या!

श्रोतेहो, माझी चूक तिथेच होती. त्या नाहीशा झाल्या नव्हत्या, बारीक झाल्या होत्या. ऊन प्लास्टिकला ठिसूळ करतं, लाटा आणि वाळू ते दळतात. पण लाकूड कुजतं, पान कुजतं, तसं ते कुजून माती होत नाही. एका पिशवीचे हजार तुकडे होतात, हजाराचे लाख होतात, आणि प्रत्येक तुकडा प्लास्टिकच असतो. पिशवी निदान हातानं उचलता येते. तिचं पीठ झालं की कुठलाच झाडू कामाचा नाही.

आमच्या खाडीत तिसऱ्या मिळतात, कालवं मिळतात. ओहोटीला चिखलात उतरून बायका त्या काढतात आणि दारोदार विकतात. "भाभी, आजच्या आहेत, घ्या," म्हणत एक मावशी आमच्या दारी गेली वीस वर्षं येते. तिसरी काय करते? ती पाणी आत ओढते, त्यातलं अन्न गाळून घेते आणि पाणी बाहेर सोडते. अन्नाबरोबर कण आला तर तोही आत जातो. केरळमधलं वेंबनाड सरोवर शिंपल्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या तळाच्या गाळाचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्या प्रत्येक नमुन्यात मायक्रोप्लास्टिक होतं आणि त्यात सर्वांत जास्त होतं ते पातळ पिशव्यांचंच प्लास्टिक. ते वाचलं तेव्हा मला वेंबनाड दिसलं नाही, माझ्या दुकानामागचा पऱ्या दिसला.

घाबरवण्यासाठी मी हे सांगत नाही. २०२२ साली नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी २२ रक्तदात्यांचं रक्त तपासलं, त्यातल्या १७ जणांच्या रक्तात प्लास्टिकचे कण मिळाले. त्यामुळे काय होतं यावर अभ्यास चालू आहे. पिण्याच्या पाण्यातल्या कणांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली अहवाल काढला. त्यात भीतीचा सूर नव्हता, पण आणखी संशोधन करा आणि हे प्रदूषण कमी करा, असं स्पष्ट म्हटलं होतं. माझ्यासारख्या दुकानदाराला एवढं पुरे आहे. जे परत गोळा करता येत नाही, ते सांडू नये. दुकानात साखर सांडली तर निम्मी तरी भरता येते.

जगाच्या पातळीवरही खटपट चालू आहे. २०२२च्या मार्चमध्ये नैरोबीत प्लास्टिक प्रदूषणाविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार करायचं ठरलं. २०२४च्या अखेरीस बुसानला आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हाला राष्ट्रं जमली, पण दोन्ही वेळा एकमत झालं नाही. प्लास्टिक बनवण्यावरच मर्यादा घालायची की नुसता कचरा आवरायचा, यावर अडलं. ते वाचून मला माझा गल्ल्याखालचा खण आठवला. मोठ्या माणसांचे खणही मोठे असतात.

आता मी पुन्हा पुड्या बांधतो. हात विसरले होते, पण पंधरा दिवसांत सवय झाली. हे काही मोठं पुण्य नाही. तेलाची पिशवी, बिस्किटांचा पुडा, शाम्पूची पुडी, सगळं प्लास्टिकमधूनच माझ्याकडे येतं आणि माझ्याकडून लोकांकडे जातं. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. तो कारखानदारांनी आणि सरकारनं काढायचा आहे. पण ओहोटीला आठवड्यातून एकदा मी गोण घेऊन खाडीवर जातो आणि सापडेल ती अख्खी पिशवी, अख्खी बाटली उचलतो. तुकडे होण्याआधी. सुरुवातीला पोरं हसायची. आता दोघं-तिघं बरोबर येतात. उचललेलं भंगारवाला नेतो, सगळं नाही, पण बरंचसं. गोण का पुरली होती हे मी त्यांना सांगितलं आहे. न सांगता त्यांना घेऊन जाणं बरं वाटेना.

राहिली गोष्ट नातीच्या गाबोळीची. त्या दिवशी मी तिला सांगितलं, "बेटा, ही अंडी नाहीत. यातून काही जन्माला यायचं नाही." ती हिरमुसली. मग आम्ही दोघांनी मिळून आणखी दाणे वेचले आणि घरी येऊन मोजले. २११ भरले. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरल्यावर तिनं विचारलं, "नाना, आता हे कुठे टाकायचे?"

मी विचार करत राहिलो. कचऱ्यात टाकले तर पऱ्यातून खाडीत, जाळले तर धुरातून हवेत, पुरले तर... पुरण्याचं मला माहीत होतंच. म्हणून ती बरणी मी दुकानात गोळ्यांच्या बरण्यांशेजारी ठेवली आहे. लहान मुलं येतात, बोट दाखवून विचारतात, "चाचा, ह्या कितीला?"

मी सांगतो, ह्या विकायच्या नाहीत. आणि पुडी बांधता बांधता त्या कुठून आल्या ते सांगतो.