आधी कुंपण, मग गाय



आम्ही माण तालुक्यातल्या बचत गटांबरोबर काम करतो. महिन्याच्या बैठकीत कुणी शेळीसाठी कर्ज मागतं, कुणी गाईसाठी. जनावराची किंमत, पेंड, दुधाचा दर, सगळा हिशोब तोंडपाठ असतो. पण "ते राखणार कोण?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "पोरगी हाय की." आज आम्हाला या उत्तराबद्दल बोलायचं आहे.

गुरांमागं पोरगी का लागते? कुंपण धड नसतं म्हणून. जनावराला बांध कळत नाही. नजर चुकली की ते शेजारच्या पिकात शिरतं आणि दोन घरांचं बोलणं बंद होतं. पिकात शिरलेली गुरं धरून २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवायची मुभा १८७१ सालच्या कायद्यानं शेतकऱ्याला दिलेली आहे. त्याहून मोठं भय किराळ लागण्याचं. ज्वारीची कोवळी ताटं, कापणीनंतरचे फुटवे, पाण्यावाचून सुकू लागलेली ज्वारी यांत विष असतं. भुकेल्या जनावरानं ते पोटभर खाल्लं तर थोड्या वेळात दगावू शकतं. असं झालं तर घरगुती उपायात वेळ न घालवता पशुवैद्यकाला बोलवा.

आता चराईकडे वळू. आपल्याकडे मेंढरं बसवतात ते सगळ्यांनी पाहिलं आहे. धनगर बायका शेतात वाघर लावतात, रात्री मेंढरं आत कोंडतात आणि पुढच्या मुक्कामी वाघर उचलून दुसरीकडे नेतात. कुंपण हलतं, त्यामागं जनावर हलतं. हीच रीत आपल्या पडीक रानात लावायची आहे.

समजा, एक एकर माळ आहे, त्यावर एक गाय आणि दोन शेळ्या. सगळा माळ रोज मोकळा सोडला तर जनावर गोड गवत आधी शोधतं. मारवेल, पवना फुटला की खाल्ला, पुन्हा फुटला की पुन्हा खाल्ला. मुळाला दम खायला वेळच मिळत नाही. गोड गवत मरतं आणि मागं कुसळी उरते. म्हणून माळाचे चार तुकडे करा. पावसाळ्यात एका तुकड्यात आठवडाभर चारा, मग पुढच्यात न्या. प्रत्येक तुकड्याला तीन आठवडे विसावा मिळतो. गवत चार बोटं उरलं की जनावर हलवायचं, मग आठवडा पुरा झालेला नसला तरी. पुढचा तुकडा वाढला नसेल तर जनावर दावणीला बांधून कडबा घाला. पहिल्या पावसाचं कोवळं गवत तर राखायचंच. एका एकरात गाईचं वर्षाचं पोट भरत नाही, वैरण लागणारच. पण राखलेला माळ तुमची वैरणीची गंज लवकर संपू देत नाही.

शेळ्यांना आणखी एक फायदा होतो. जंतांची अंडी लेंड्यांतून गवतावर येतात. एकाच जागी रोज चरलं की तेच जंत पुन्हा पोटात जातात. जागा बदलली की हा फेरा कमी होतो. पावसाळ्यात दव ओसरल्यावरच शेळ्या सोडा.

कुंपण आतलं असो वा बाहेरचं, ते दरवर्षी बघावं लागतं. बाभळी-बोरीच्या काट्या वर्षात मोडतात, मेढी वाळवी खाते. म्हणून उन्हाळ्यात, रोहिणीच्या आधी, बांधावरून एक फेरी मारा. मेढ हातानं हलवून बघा. हलली तर बदला, दोन फूट खोल पुरा. कोपऱ्याच्या मेढीला तिरका टेका द्या, तारेचा सगळा ओढ तिच्यावर असतो. पाऊस लागला की बाहेरच्या बांधाला घायपात, सागरगोटा लावा. असं जिवंत कुंपण दोन-तीन वर्षांत दाट होतं, मग काट्या आणायचं काम कमी होतं. शेर लावणार असाल तर त्याचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. कुंपणाच्या तारेत घरातली किंवा मोटारीची वीज कधीही सोडू नका. त्यानं माणसं मरतात, बहुतेक वेळा आपल्याच घरातली नाहीतर शेजारची. तो गुन्हाही आहे. झटका मशीनच हवं असेल तर जाणकाराकडून बसवून घ्या आणि पाटी लावा.

हे काम एकटीचं नाही. आमच्या काही गटांनी सावड केली. पाच जणी, पाच दिवस, रोज एकीचं रान. सामाईक बांधाचा खर्च निम्मा-निम्मा, आणि तो ठराव गटाच्या वहीत लिहिलेला. लिहिलेलं असलं की वाद वाढत नाही.

म्हणून आमचं सांगणं असं. पुढच्या बैठकीत जनावरासाठी अर्ज आला की त्यात मेढी, तार आणि मजुरीचा खर्चही लिहायला लावा. कर्ज थोडं वाढेल, हप्ताही वाढेल, तो झेपेल का हे सगळ्यांनी बसून तपासा. झेपत नसेल तर यंदा कुंपण करा, शेळी पुढच्या वर्षी घ्या.

गाईचं दूध डेअरीत जातं, त्याचा हिशोब चिठ्ठीवर येतो. पोरीच्या बुडालेल्या शाळेची चिठ्ठी कुणी देत नाही. तो हिशोब आपल्यालाच ठेवायचा आहे. अर्जावर सही करण्याआधी एवढंच विचारा, "राखणार कोण?" आणि उत्तरात पोरीचं नाव आलं तर अर्ज परत द्या, कुंपण लिहून आणायला सांगा.