मोबाइल घरात आला, आता तो अभ्यासाला लावू या
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषण)



आपण गटात पै-पैचा हिशेब ठेवतो. कुणाचा हप्ता राहिला, कुणाचं कर्ज फिटलं, सगळं वहीत असतं. आज वेगळ्या हिशेबाचं बोलायचंय. आपलं लेकरू रोज शाळेत जातं, पण त्याला वाचता येतं का?

'प्रथम' संस्थेची माणसं खेडोपाडी घरोघर जाऊन मुलांचं वाचन तपासतात. त्या पाहणीला 'असर' म्हणतात. २०२४ मध्ये देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या १०० पैकी साधारण २७ मुलांनाच दुसरीचा मजकूर नीट वाचता आला. बाकीची मुलं वरच्या वर्गात जातात, पण पुस्तक उघडलं की गप्प बसतात. त्याच पाहणीत १४ ते १६ वयाच्या, फोन वापरता येणाऱ्या मुलांना विचारलं, की गेल्या आठवड्यात फोन कशाला वापरला? सुमारे ७६ टक्के मुलांनी सोशल मीडियासाठी वापरला होता, अभ्यासासाठी ५७ टक्के.

मग फोन कपाटात ठेवायचा का? नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांत क्यूआर कोड घातले. मुलींच्या घरची भाषा कन्नड, म्हणून गुरुजी स्वतः कन्नड शिकले आणि कोडमागे कन्नडमधून कविता, गोष्टी, धडे ठेवले. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. यंत्र साधंच होतं. मुलींचं कुठं अडतंय, हे गुरुजींनी आधी ओळखलं होतं.

आपल्या घरी करण्यासारखी तीन कामं सांगते.

पहिलं काम. बालभारतीच्या पुस्तकात काळी-पांढरी चौकोनी नक्षी असते, तोच क्यूआर कोड. फोनमध्ये 'दीक्षा' अ‍ॅप फुकट घेता येतं. त्यातून कोड स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं. रेंज असेल तिथं डाउनलोड करून ठेवा, मग घरी नेट नसलं तरी चालतं.

दुसरं काम. दर शनिवारी लेकराला पुस्तकातला एक उतारा मोठ्यानं वाचायला लावा आणि फोनवर रेकॉर्ड करा. मिनिटभर पुरे. काही बाया म्हणतील, "मला कुठं वाचता येतं?" अहो, लेकरू कुठं अडखळलं, हे कानाला कळतंच की! महिन्यानं पहिलं आणि शेवटचं रेकॉर्डिंग लागोपाठ ऐका. फरक दिसला तर पाठीवर हात ठेवा. नाही दिसला, तर तेच रेकॉर्डिंग बाईंना किंवा गुरुजींना ऐकवा आणि विचारा, "याला काय करायचं?"

तिसरं काम मुलींचं. घरात फोन एक. पोरगी भांडी घासते तोवर पोरगा फोन घेऊन बसतो, आणि तिची पाळी येईपर्यंत चार्जिंग संपतं. म्हणून वेळ ठरवून द्या, अर्धा तास तिचा, अर्धा तास त्याचा. ज्या घरी स्मार्टफोन नाही, तिथली मुलं शेजारच्या ओसरीवर बोलवा. दोघी-तिघींनी पाळीपाळीनं जवळ बसायचं, म्हणजे अभ्यासाच्या नावाखाली रील चालत नाहीत.

आणखी एक. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया. नुसत्या सहीपुरतं जाऊ नका. शाळेतला संगणक, टीव्ही चालू आहे का? वीजबिल भरलंय का? मुलांचा हात त्याला लागतो, की त्यावर नुसतं कापड झाकलंय? हे विचारा.

आणि शिक्षकच कमी असतील तर "मोबाइलवर शिका" हे उत्तर ऐकून परत येऊ नका. फोन शिकवायला मदत करतो, शिक्षकाची जागा घेत नाही. शिक्षकासाठी अर्ज द्या, गटाचा ठराव जोडा, पोच घ्या.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपल्या लेकराचं एक रेकॉर्डिंग आणायचं. हप्त्याच्या वहीत त्यासाठी एक रकाना आजच आखू या.