पूर्वज्ञानाचा रकाना

विषय ऐकून काहींना वाटलं असेल, हे बी.एड.वाल्यांचं घरगुती प्रकरण आहे. पण ज्यांची मुलं-नातवंडं खांदा कॉलनीतल्या शाळांत जातात त्यांनी हे दृश्य पाहिलेलं असतं. वर्षातले काही आठवडे तीन-चार नवे चेहरे एकदम शाळेत येतात, गळ्यात ओळखपत्र आणि हातात गुंडाळलेले तक्ते. मुलं घरी सांगतात, "आमच्याकडे बी.एड.च्या टीचर आल्यात." म्हणजे आज गृहपाठ नाही!

पूर्वी हा अभ्यासक्रम एका वर्षाचा होता. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमांनी तो दोन वर्षांचा झाला आणि शाळेतल्या अनुभवासाठी एकूण वीस आठवडे ठरले, त्यांतले सोळा दुसऱ्या वर्षी. माझ्या मते हा त्या नियमांतला सर्वांत शहाणा भाग आहे. मात्र त्या आठवड्यांत होतं काय? पाठ घ्यायचे, टाचणं काढायची, सह्या घ्यायच्या.

टाचणात उद्दिष्टं, साधनं, प्रस्तावना, हेतुकथन, फलकलेखन असे रकाने असतात. त्यांत एक 'पूर्वज्ञान'. मागच्या बाकावर बसून पाठांचं निरीक्षण करण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि सर्वांत कमी विचार करून भरलेला रकाना हाच. गेल्या वर्षीच्या कुणाच्या तरी वहीतून तो उतरलेला असतो. भूगोलाच्या टाचणात मी हमखास वाचलेलं वाक्य : 'विद्यार्थ्यांना शेतीविषयी माहिती आहे.'

आता हे वाक्य घेऊन खांदा कॉलनीतल्या एखाद्या सातवीच्या वर्गात चला.

पहिल्या बाकावरचा मुलगा खांदा गावातला असू शकतो. या पनवेल-उरण पट्ट्यात भातशेती होती, मिठागरं होती, खाडीतली मासेमारी होती. १९७० साली सिडको आली आणि पंचाण्णव गावांच्या जमिनींवर नवी मुंबई आखली गेली. जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, त्यांचे नेते दि. बा. पाटलांचं नाव घरोघर गेलं. या मुलाच्या घरी शेती म्हणजे नांगर नाही, गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला साडेबारा टक्क्यांचा प्लॉट आहे, त्यावरची इमारत आहे, कधी भावाभावांतला वादही आहे. त्याच्या शेजारी बसलेल्या मुलीचे वडील मराठवाड्यातून कामासाठी आलेले असतील. तिच्या लेखी शेती म्हणजे गावाकडची कोरडी विहीर आणि सुट्टीत भेटणारी आजी. मागच्या बाकावर उत्तर प्रदेशातून आलेला कुणी असेल, त्याच्या बोलण्यात ऊस आणि गहू. आणि खिडकीशी सेक्टरमधल्या फ्लॅटात जन्मलेली, खांदेश्वरहून लोकल पकडणाऱ्या आईची मुलगी, तिला भाताचं रोप आणि गवत यांतला फरक विचारू नये हे बरं. शेतीची माहिती सगळ्यांनाच आहे, पण ती चार जागची आहे. आमची छात्राध्यापिका मात्र तक्ता उलगडते आणि विचारते, "मुलांनो, शेतकऱ्याला कोण कोण मदत करतं?" वर्ग एका सुरात : "बैऽऽल!"

शिकवण्याची पंचपदी आपण जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या नावाने घोकतो. पायऱ्यांची शिस्त त्याच्या अनुयायांनी लावली. त्याचा स्वतःचा आग्रह साधा होता : मुलाच्या मनात आधी जे आहे त्यालाच, म्हणजे पूर्वज्ञानालाच, नवं चिकटतं. हे जर्मनीतून आणायचीही गरज नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा हरिजन वाड्यातली मुलं बालवाडीत येईनात. ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला वारली मुलं गुरांमागे जातात म्हटल्यावर त्या आणि अनुताई वाघ यांनी शाळा कुरणात भरवली. दोघींनी आधी वस्ती वाचली, टाचण मागाहून काढलं.

म्हणून माझं म्हणणं असं, की पहिला आठवडा पाठ नकोतच. शाळा सुटताना फाटकाशी उभं राहावं. कुणाला आजोबा न्यायला येतात, कोण व्हॅनमध्ये चढतं, कोण धाकट्या भावाचं दप्तर उचलून चालत निघतं, ते पाहावं. शिपाईमामांजवळ बसावं, मुख्याध्यापकांना माहीत नसलेलं त्यांना माहीत असतं. जनरल रजिस्टर परवानगीने चाळावं, जन्मस्थळ आणि आधीची शाळा पाहावी. त्यात जातीचाही रकाना असतो. तो वाचला तरी वर्गात त्याचा उच्चार नको, आणि 'आगरी मुलं अशीच', 'भैयांची मुलं तशीच' ही शिक्षकखोलीतली टिपणं तर वहीत मुळीच उतरू नयेत. वस्तीची ओळख म्हणजे मुलांवर शिक्के मारणं नव्हे.

भाषेचंही तेच. "मना नाय समजला" असं एखादा घरच्या बोलीत म्हणाला की आमची मंडळी आधी 'मना'चं 'मला' करतात. मुलगा गप्प बसतो. काय समजलं नाही, हे राहूनच जातं. आधी ते विचारा, प्रमाण भाषा दहा मिनिटांनी शिकवली तर बिघडत नाही.

शेवटी एक विनंती, आणि ती इथे बसलेल्या गावकऱ्यांना. पुढच्या खेपेला एखादी बी.एड.ची मुलगी दारात आली, तर तिला घरातला जुना सातबारा दाखवा. जमलं तर तो घेऊन वर्गातच जा. शेकडेवारीच्या धड्याला याहून चांगलं उदाहरण इथे सापडायचं नाही. चाळीस गुंठे गेले, साडेबारा टक्क्यांनी परत किती? मुलं सांगतील, पाच. मग तुम्ही सांगा, त्या साडेबारा टक्क्यांतले पावणेचार टक्के सामाजिक सुविधांसाठी वजा होतात, म्हणून हिशेबात साडेतीनच उरतात. त्यानंतर वर्गात जे प्रश्न येतील, ते टाचणात आधी लिहून ठेवता येत नाहीत.