वारशाचा हिशेब



एखादी संस्था आपल्या संस्थापकांचे स्मरण कसे करते? आपल्याकडे त्याची रीत ठरून गेली आहे. तसबिरीला हार, एक स्मरणिका, दोन भाषणे आणि चहापान! आज मी ज्या विद्यापीठाची हकीकत सांगणार आहे, त्याला या रीतीच्या पलीकडे जावे लागले.

अमेरिकेत वॉशिंग्टन शहरी जॉर्जटाऊन विद्यापीठ आहे. जॉन कॅरोल या धर्मगुरूंनी १७८९ साली स्थापिलेले हे त्या देशातील सर्वांत जुने कॅथलिक विद्यापीठ. त्याची परंपरा जेझुइट संघाची. आपल्या मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचणारे फादर स्टीफन्स याच संघाचे. विद्यार्थ्याच्या केवळ बुद्धीची नव्हे, तर सबंध माणसाची काळजी वाहावी, हे या संघाच्या शिक्षणाचे ब्रीद.

परंतु याच संघाचे मेरीलँड प्रांतात मळे होते आणि त्या मळ्यांवर गुलाम राबत होते. १८३८ साली प्रांताचे प्रमुख फादर मलेडी यांनी २७२ गुलामांच्या विक्रीचा करार केला. किंमत ठरली १,१५,००० डॉलर. कुटुंबे फोडू नयेत, त्यांचा धर्म सुटू नये आणि हा पैसा कर्जफेडीस लावू नये, अशा अटी रोमहून आल्या होत्या. त्या पाळल्या गेल्या नाहीत. माणसे दूर लुइझियानात गेली आणि पैशांचा काही भाग विद्यालयाचे कर्ज फेडण्यात गेला. पुढे विद्यापीठातील एका इमारतीला मलेडींचे नाव लाभले. विकल्या गेलेल्यांची नावे मात्र दप्तरात पडून राहिली.

आता विद्यापीठाने आपला धार्मिक वारसा कसा सांभाळावा? कॅथलिक धर्मात पापक्षालनाला तीन गोष्टी लागतात : पश्चात्ताप, कबुली आणि प्रायश्चित्त. हाच मापदंड आपण त्या विद्यापीठाला लावून पाहू.

२०१५ साली विद्यार्थी अध्यक्षांच्या कचेरीबाहेर ठाण मांडून बसले आणि मलेडींचे नाव इमारतीवरून उतरले. १८ एप्रिल २०१७ रोजी वंशजांच्या समक्ष प्रार्थनासभा झाली. विद्यापीठाने आणि जेझुइट संघानेही क्षमा मागितली. त्याच दिवशी त्या इमारतीला आयझॅक हॉकिन्स यांचे नाव देण्यात आले. विक्रीच्या कागदात पहिले नाव त्यांचेच होते! पश्चात्ताप झाला, कबुलीही झाली.

राहिले प्रायश्चित्त. तेच सर्वांत अवघड, कारण तेथे खिशात हात घालावा लागतो. २०१९ साली विद्यार्थ्यांनी मतदान घेतले. वंशजांसाठी प्रत्येकाने दर सत्रास २७ डॉलर २० सेंट द्यावेत, असा ठराव सुमारे दोनतृतीयांश मतांनी संमत झाला. २७२ या आकड्याची ती आठवण होती. विद्यापीठाने हे शुल्क लागू केले नाही. देणग्यांतून वर्षाला सुमारे चार लाख डॉलर उभे करण्याचे जाहीर केले. कित्येकांना हे खटकले. देणगी ही मर्जीची गोष्ट, ऋण हे फेडायचेच असते! २०२१ साली जेझुइट संघाने वंशजांबरोबरच्या प्रतिष्ठानासाठी दहा कोटी डॉलर उभारण्याचे वचन दिले. वचनाची परीक्षा मात्र ते पाळण्यातच असते.

श्रोतेहो, कोणी म्हणेल, जुनी मढी उकरून संस्थेची अब्रू का घालवावी? मला उलट वाटते. रोज रात्री आपल्या दिवसाची झडती घ्यावी, ही जेझुइटांची जुनी शिस्त. विद्यार्थ्यांनी विद्यापीठाला ती शिस्तच लावली; बाहेरून काही आणले नाही. संस्थेचे ब्रीद भिंतीवर कोरल्याने जिवंत राहत नाही. ते संस्थेलाच अडचणीत टाकू लागते, तेव्हा ते जिवंत आहे असे समजावे.

आपल्याही गावात जुन्या संस्था आहेत, थोर संस्थापक आहेत. पुढच्या वर्धापनदिनी हार जरूर घालावा. पण कपाटातली जुनी हिशेबाची वही एकदा उघडावी आणि त्यात कोणाचे देणे राहून गेले आहे, तेही पाहावे.