वेगाचे खरे माप



साहित्याच्या प्राध्यापकाने संगणकाच्या साठवणयंत्रणेवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु हा विषय आपल्या शहराच्या जिव्हाळ्याचा आहे. 2006 च्या ऑगस्टमध्ये तापीचे पाणी घराघरांत शिरले होते. पावसाचे अनुमान वेळेवर हाती येण्याचे मोल सुरतकरांस सांगावयास नको.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 2024 साली ‘अर्का’ या महासंगणकाचे उद्घाटन झाले. त्याची साठवणक्षमता 33 पेटाबाइट आहे. 2025 मध्ये आलेल्या भारत पूर्वानुमान प्रणालीने जाळीतील अंतर 12 किलोमीटरवरून 6 वर आणले. म्हणजे चौकटी चौपट झाल्या आणि नोंदवावयाची माहितीही त्याच मानाने वाढली. आकडेमोड झपाट्याने झाली, पण उत्तरे लिहून घेणारी यंत्रणा मंद असली, तर हजारो गणनयंत्रे हात बांधून उभी राहतात.

हा वेग मोजावा कसा? 2017 पासून प्रसिद्ध होणारी ‘आयओ 500’ ही जागतिक क्रमवारी दोन गोष्टी तपासते: सेकंदाला किती माहिती वाहिली आणि सेकंदाला किती फायली हाताळल्या. आपल्या कापडबाजारात गठ्ठ्यांनी ट्रक भरणे वेगळे आणि तोच माल एकेका साडीने हजार पत्त्यांवर धाडणे वेगळे, तसेच हे. शिवाय लिहिण्याची प्रत्येक चाचणी किमान 300 सेकंद चालवावी लागते, कारण थोडी माहिती तात्पुरत्या स्मृतीतच मावते आणि खोटा वेग दाखवते.

दोन्ही आकड्यांचा भूमितीय मध्य काढतात. एका विषयात 90 आणि दुसऱ्यात 10 गुण असतील, तर साधी सरासरी 50 येते. भूमितीय मध्य मात्र 30. एका अंगाचे बळ दुसऱ्या अंगाचे दुबळेपण झाकू शकत नाही.

उपायही या मोजणीतूनच सुचतात. मोठी फाइल अनेक डिस्कांवर वाटून एकाच वेळी लिहावी; फायलींची नावे व ठावठिकाणा सांभाळण्याचे काम स्वतंत्र सर्व्हरकडे द्यावे; अचानक येणारा लोंढा आधी फ्लॅश स्मृतीत झेलावा आणि मग सावकाश डिस्कवर उतरवावा. कोठे अडते हे ठाऊक नसताना नुसत्या डिस्का वाढवल्या, तर खर्च तेवढा वाढतो.

परीक्षा घेण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला ही पद्धत आपलीशी वाटते. जे माप उणीव दाखवते, तेच सुधारणेची वाट दाखवते. मुलांचे मूल्यमापन करतानाही शाळेने हे ध्यानी ठेवावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.