फोटो कशासाठी काढायचा?

पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी सकाळच्या कर्जत लोकलने या. उतरणाऱ्या गर्दीत कितीतरी गळ्यांत कॅमेरे दिसतात आणि मोबाइल तर प्रत्येकाच्या हातात असतो. कोणी कोंढाण्याच्या लेण्यांकडे निघतो, कोणी भिवपुरीच्या धबधब्याकडे, तर कोणी खालापूर तालुक्यातल्या इर्शाळगडाचं नेढं टिपायला. संध्याकाळपर्यंत ढीगभर फोटो निघतात आणि त्यातले बरेचसे एकमेकांसारखेच असतात.

हौस म्हणून यात वावगं काही नाही. पण ज्यांना हा नाद मनापासून लागतो, त्यांच्या वाट्याला दोन-चार वर्षांनी एक कंटाळा येतो. धबधबे काढून झाले, ढग काढून झाले, ऐपतीबाहेरची लेन्सही घेऊन झाली. आता काय काढू? या प्रश्नाचं उत्तर कॅमेऱ्याच्या दुकानात मिळत नाही. नव्या लेन्सचा हुरूप फार तर महिनाभर टिकतो. मला वाटतं, प्रश्नच थोडा बदलून पाहावा. ‘काय काढू’ असं विचारण्यापेक्षा ‘मला काय जाणून घ्यायचं आहे’ असं विचारावं.

याचं एक उदाहरण आपल्याच बोरघाटात आहे. घाटातून रेल्वेमार्ग नेण्याचं काम १८५६ साली सुरू झालं. १८५९ मध्ये त्याचा ठेका सॉलोमन ट्रेडवेल या इंग्रज कंत्राटदाराकडे आला, पण हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत तो आजारी पडून वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका सोडला नाही. जाणत्या माणसांच्या हाती देखरेख देऊन तिने काम पुढे नेलं आणि १८६३ मध्ये घाट गाडीसाठी खुला झाला. सुमारे २५ किलोमीटरची वाट, १,८०० फुटांहून अधिक चढ आणि २५ बोगदे!

या अ‍ॅलिसबाई फोटोही काढत. त्या काळी काचेवर रसायन चढवायचं, ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा, अशी पद्धत सर्रास होती. एका फोटोमागे केवढा खटाटोप! तरी बाईंनी घाटातल्या या कामाचे फोटो काढून ठेवले. हे काम कसं उभं राहतंय, हा त्यांच्या रोजच्या जगण्यातला प्रश्न होता. वेगळा विषय शोधायला त्यांना कुठे जावं लागलं नाही.

अलीकडची दोन मराठी नावं घेतो. गोपाळ बोधे नौदलात छायाचित्रकार होते. आपले किल्ले, किनारा आणि दीपगृहं आकाशातून कशी दिसतात, याचा त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं जगणं टिपलं. शहर ज्यांच्याकडे पाहत नव्हतं, त्यांच्याकडे ते पुन्हा पुन्हा जात राहिले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एकाची नजर आकाशातून, तर दुसऱ्याची थेट गटाराच्या तोंडाशी. सारखेपणा एवढाच, की आपला प्रश्न दोघांनीही सोडला नाही.

आता आपल्या दोन तालुक्यांत असे प्रश्न आहेत का? पावलोपावली आहेत. चैत्र-वैशाखात पाताळगंगेच्या काठी उभे राहा. आजूबाजूचे ओढे कोरडे असताना ही नदी वाहते कशी? घाटमाथ्यावरच्या धरणांचं पाणी खोपोलीच्या वीजकेंद्रातून खाली येऊन तिला मिळतं. हे केंद्र १९१५ सालचं. भिवपुरीचं केंद्र १९२२ चं, त्याचं पाणी उल्हास नदीला मिळतं. आणि त्याच दिवसांत वरच्या ठाकूरवाड्यांतल्या बायका हंडे घेऊन झऱ्याशी ताटकळत असतात. नदी खाली वाहते आहे आणि तहान वर आहे. ही एकच गोष्ट नीट दाखवायला दहा वर्षं पुरणार नाहीत.

किंवा कातकऱ्यांच्या वाड्या घ्या. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. भाताची खाचरं घ्या. ज्या बांधावर कालपर्यंत आवणी चालायची, तिथे आज फार्महाऊसचं फाटक आहे. पनवेल-कर्जत लोकलसाठी वावर्ल्याला अडीच किलोमीटरहून लांब बोगदा खणला गेला. अ‍ॅलिसबाईंच्या काळातले बोगदे खणताना हजारो मजूर साथींनी आणि अपघातांनी दगावले. त्यातल्या बहुतेकांची नावं आज कोणाला ठाऊक नाहीत. नव्या बोगद्याच्या मजुरांची तरी कोणी लिहून ठेवली असतील का?

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवतो. घरापासून चालत जाता येईल अशी एकच जागा निवडा आणि दर महिन्याला तिथे जा. एकाच ठिकाणी उभं राहून फोटो काढा, म्हणजे काय बदललं ते आपोआप कळतं. माणसांचा फोटो काढण्याआधी त्यांच्याशी बोला आणि त्यांची परवानगी घ्या. पुढच्या खेपेला फोटोची प्रत हातात द्या. तारीख, गाव आणि माणसाची हरकत नसेल तर नाव लिहून ठेवा. कॅमेरा साधा असला तरी चालेल, वही मात्र हवी.

यातून काय मिळणार, असं कोणी विचारेल. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. मृत आणि बेपत्ता मिळून ८० हून अधिक माणसं गेली. वाचलेल्यांची नवी वस्ती चौकजवळ उभी राहिली. पण घरावर दरड आली की भिंतीवरची तसबीरही मातीत जाते. गेलेल्या माणसाचा चेहरा पुन्हा पाहायचा, तर तो बाहेरच्या कोणीतरी टिपलेला असावा लागतो. गडावर जाणाऱ्या वाटसरूंनी नेढ्याचे फोटो कितीतरी काढले. वाटेतल्या अंगणात बसलेल्या आजीचा, शाळेतून येणाऱ्या पोराचा फोटो कोणाकडे असेल, तर त्याचं मोल त्या घरच्या माणसालाच विचारावं.

अशा कितीतरी वाड्या आजही डोंगरांच्या कुशीत आहेत. वाट त्यांच्या अंगणातूनच वर जाते. पुढच्या रविवारी गडाकडे निघालात, तर तिथे थोडं थांबा, पाणी मागा, चार शब्द बोला. आणि त्यांनी हो म्हटलं, तर पहिला फोटो तिथेच काढा. प्रत पोचवायला मात्र विसरू नका.